गच्चीतला ड्रम आणि कालीपत्ती: फुलं गळणारा, पानं करपणारा चिकू काढून टाकावा का?

प्रश्न असा आला आहे: मुलुंडला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर निळ्या ड्रमच्या अर्ध्या भागात चिकूचं कलम लावून तीन वर्षं झाली. नर्सरीवाल्याने कालीपत्ती जातीचं म्हणून दिलं होतं. फुलं भरपूर येतात, पण सगळी गळतात. वाटाण्याएवढी दोन-तीन फळं धरली, तीही काळी पडून गेली. आता एप्रिलमध्ये पानांच्या कडा तपकिरी होऊन करपल्यात. त्यातल्या त्यात आनंदाची गोष्ट म्हणजे बुंध्याजवळून फुटलेल्या दोन फांद्या जोरात वाढताहेत, त्यांची पानं बारीक, कडक आणि चकचकीत आहेत. पाणी गच्चीतल्या बोअरच्या नळाचं घालतो, खत म्हणून घरचा ओला कचरा मातीत पुरतो. घरचे म्हणतात, काढा हे झाड आणि लिंबू लावा. काय करावं?

झाड काढू नका. तुम्ही लिहिलेल्या सगळ्या तक्रारींवर उपाय आहे, आणि त्यातली सर्वांत मोठी अडचण तुम्हाला आनंदाची वाटतेय तिथेच आहे. बुंध्याजवळच्या त्या दोन जोमदार फांद्या चिकूच्या नाहीत. त्या खिरणीच्या आहेत, काही जण तिला रायण म्हणतात. आपल्याकडे चिकूचं चांगलं कलम खिरणीच्या रोपावर बांधतात. खिरणी चिकूच्याच कुळातली, अतिशय काटक. मुळं खोल जातात, दुष्काळ सोसते, हलक्या जमिनीतही तग धरते. तिच्या मुळांवर बसवलेला चिकू जोमाने वाढतो आणि वर्षानुवर्षं फळ देतो. पण खिरणीचं खोड स्वतःही जिवंत असतं. वरचा चिकू जरा अशक्त झाला की कलमाच्या जोडाखालून ती डोळे फोडते, म्हणजे नवे कोंब काढते, आणि मुळांनी आणलेलं पाणी-अन्न तिच्या फुटव्यांकडे वळतं. वरचा चिकू उपाशी राहतो. असंच चालू दिलं तर दोन-तीन वर्षांत चिकू वाळतो, ड्रममध्ये नुसती खिरणी उरते, आणि घरचे म्हणतात की नर्सरीवाल्याने फसवलं.

खात्री करून घ्यायची असेल तर पानं हातात घेऊन बघा. चिकूचं पान दोन्ही टोकांना निमुळतं असतं आणि फांदीच्या शेंड्याला पानांचा झुबका होतो. खिरणीचं पान लहान, जाडसर, टोकाला गोलाकार, आणि त्या गोलाईच्या मधोमध बारीकशी खाच असते. ही खाच दिसली की शंका उरत नाही. मग खोडावर कलमाचा जोड शोधा. तिथे फुगवटा किंवा सालीच्या रंगात फरक दिसेल. जोडाखालून आलेलं जे काही असेल ते खोडाला अगदी लागून, धारदार कात्रीने, खुंट न ठेवता कापा. पांढरा चीक वाहील. तो ओल्या फडक्याने पुसा आणि जखमेवर मोरचूद-चुन्याची पेस्ट किंवा बाजारात मिळणारी बुरशीनाशकाची पेस्ट लावा. एप्रिल हे काम करायला चांगला महिना आहे, पाऊस नसतो आणि जखम सुकते. पावसात हेच केलं तर कुजण्याची भीती. एकदा कापून मात्र भागत नाही. खिरणी पुन्हा डोळे फोडते, म्हणून महिन्यातून एकदा बुंध्याशी वाकून बघायचं आणि नखाएवढा कोंब दिसला की बोटाने मोडून टाकायचा.

त्याच वेळी जोड मातीत गाडला गेलेला नाही ना, हेही पाहा. दरवर्षी वरून खत-माती घालत गेलं की ड्रममधली पातळी चढते आणि जोड झाकला जातो. जोड मातीच्या वर किमान अर्धा फूट मोकळा हवा. कलम बांधतानाची प्लास्टिकची पट्टी अजून असेल तर काढा. तीन वर्षांत ती सालीत रुतून खोडाला काचते, आणि वरचा भाग अशक्त होण्याचं हे एक नेहमीचं कारण आहे.

आता पानांच्या करपलेल्या कडा. बोअरचं पाणी म्हटल्याबरोबर मला अंदाज आला. मुंबईत बऱ्याच इमारतींच्या बोअरचं पाणी मचूळ असतं आणि म्हणूनच ते फ्लशला वापरतात. चिकू खरं तर खाऱ्या हवेचा मोठा सोशिक गडी. डहाणू, बोर्डी, घोलवडच्या बागा समुद्रापासून फार लांब नाहीत, आणि वारा-खारेपणा दोन्ही सोसून उभ्या आहेत. पण जमिनीतल्या झाडाचं मीठ दरवर्षी पावसाने खाली वाहून जातं. ड्रममध्ये मात्र ऑक्टोबर ते मे असे आठ महिने तुम्ही पाणी घालता, पाण्याची वाफ होते आणि मीठ मातीतच राहतं. मार्च-एप्रिलपर्यंत ते इतकं साठतं की पानांच्या टोकांपासून आणि कडांपासून करपायला सुरुवात होते. मातीवर किंवा ड्रमच्या कडेला पांढरट थर दिसतोय का बघा. दिसला तर वरची दोन इंच माती खरवडून काढा आणि तिथे कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत मिसळलेली नवी माती भरा. मग पालिकेच्या पाण्याच्या दोन-तीन बादल्या सावकाश, अर्ध्या-अर्ध्या तासाच्या अंतराने घाला, म्हणजे पाणी मातीतून झिरपून खालच्या भोकांतून वाहील. उरलेलं काम जूनमधला पाऊस करेल. पुढे मात्र बोअर बंद. दिवसाला बादलीभर पाणी घरातून वर नेणं जड वाटत असेल तर एसीच्या नळीचं पाणी साठवा. त्यात क्षार जवळजवळ नसतात, त्यामुळे मिठाच्या दुखण्यावर ते चांगलंच. मात्र त्यात पोषणही नाही, म्हणून खताकडे लक्ष ठेवायचं.

पाणी किती, हे ठरावीक मापाने सांगता येणार नाही. बोट दोन इंच मातीत घाला. ओल लागली तर आज पाणी नको. मुंबईच्या उन्हाळ्यात गच्चीवरच्या ड्रमला बहुधा रोज लागतं, हिवाळ्यात दोन-तीन दिवसांआड. पावसाळ्यात बहुतेक दिवस लागतच नाही. खंड पडला आणि चार-पाच दिवस कडक ऊन राहिलं तर बोट घालून बघायचं.

आता येतो माझ्या मते मुंबईच्या बागकामातल्या सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे. इथे कुंडीतली फळझाडं उपासमारीने फार कमी मरतात. ती मुळं गुदमरून मरतात, आणि तीही जून ते सप्टेंबरमध्ये. या चार महिन्यांत मुंबईवर दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. ड्रममधून पाणी लगेच निघालं नाही तर मातीतली हवा संपते, बारीक मुळं कुजतात, आणि त्याचा परिणाम लगेच दिसत नाही. झाड पावसाळाभर हिरवं राहतं. ऑक्टोबरचं ऊन पडलं आणि पानांची पाण्याची मागणी वाढली की मुळं पुरी पडत नाहीत. मग फुलं गळतात, पानं पिवळी पडतात, लोक त्या वेळी खत घालतात आणि दुखणं वाढतं.

म्हणून मे संपायच्या आत ड्रमची तपासणी करा. तळाला बोटभर रुंद अशी किमान आठ-दहा भोकं हवीत, आणि तळापासून इंचभर वर बाजूलाही चार-पाच. निळ्या ड्रमला ड्रिलने सहज भोकं पाडता येतात. ड्रम जमिनीला टेकलेला नको. विटांवर किंवा लोखंडी स्टँडवर ठेवा, म्हणजे भोकं मोकळी राहतात, गच्चीच्या वॉटरप्रूफिंगवर पाणी साचत नाही आणि झाडून घेता येतं. भोकांवर फुटक्या कुंडीचा एक-एक खापराचा तुकडा पुरे. तळाशी खडीचा जाड थर देण्याची पद्धत सर्रास दिसते, पण त्याने निचरा सुधारत नाही. बारीक मातीतलं पाणी खडीच्या थराशी येऊन थांबतं, आणि मुळांना मिळणारी चांगली माती मात्र तेवढी कमी होते. ड्रमखाली थाळी असेल तर ती काढाच. चिकूला त्रास होतो तो होतोच, शिवाय साचलेल्या पाण्यात डासांची अंडी सापडली तर पालिकेचे कर्मचारी सोसायटीला नोटीस देतात, आणि मग गच्चीवरच्या सगळ्याच कुंड्यांवर गदा येते.

वजनाचंही बोलून ठेवतो. शंभर लिटरचा अर्धा ड्रम माती ओली झाल्यावर सव्वाशे-दीडशे किलोपर्यंत जातो. तो स्लॅबच्या मध्यभागी ठेवू नका. भिंतीलगत, बीम किंवा कॉलमच्या वर ठेवा, आणि सोसायटीची लेखी परवानगी घ्या. जुन्या इमारतीत ही काळजी जास्त घ्यायची. चिकूचं झाड दीर्घायुषी असतं, त्याला दर दोन वर्षांनी जागा बदलायला लावणं बरं नाही.

माती बदलायची असेल तर ते काम आता करू नका आणि जूनमध्येही नको. पहिल्या पावसाबरोबर लागवड करायची, हा शेतातला नियम योग्यच आहे. कुंडीत मात्र मी सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरची सुरुवात पसंत करतो. नव्या मातीत मुळं पसरायच्या आधी चार महिन्यांचा पाऊस झेलायला लागला तर ती कुजतात. मिश्रण असं घ्या: चार भाग कोकणातली लाल माती, तीन भाग नीट कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट, दोन भाग जाड रेती किंवा विटांचा चुरा, एक भाग कोकोपीट, आणि ड्रममागे दोन मुठी निंबोळी पेंड. बंगळुरू किंवा पुण्याचे लोक कोकोपीट निम्म्यापर्यंत घालतात. मुंबईत ते घालू नका, पावसाळ्यात ते पाणी धरून ठेवतं.

ओला कचरा थेट पुरणं आजच बंद करा. कुजताना त्यातून उष्णता निघते, मातीतला नत्र आणि प्राणवायू वापरला जातो, आणि मुंग्या, उंदीर, घूस यांना आमंत्रण मिळतं. तोच कचरा वेगळ्या बादलीत सुकी पानं घालून दोन-तीन महिने कुजवा, काळसर आणि मातीच्या वासाचा झाला की मग घाला. चहाचा चोथा साखर-दूध धुऊन त्याच बादलीत टाका. राख मात्र घालू नका. ती अल्कधर्मी असते, त्यामुळे लोह मुळांना मिळेनासं होतं आणि कोवळी पानं पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात.

खताचं वेळापत्रक साधं ठेवा. वर्षातून तीनदा: पावसाच्या सुरुवातीला, ऑक्टोबरात आणि फेब्रुवारीत. प्रत्येक वेळी ड्रमच्या कडेने गोलाकार उथळ चर करून दीड-दोन किलो कंपोस्ट आणि शंभर ग्रॅम निंबोळी पेंड. बुंध्याला लागून काही नको. रासायनिक खत द्यायचंच असेल तर १९:१९:१९ सारखं (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं) विद्राव्य खत, लिटरला दोन-तीन ग्रॅम, महिन्यातून एकदा, आणि तेही माती ओली असताना. तुमच्या ड्रममध्ये आधीच मीठ साठलेलं आहे, त्यामुळे या उन्हाळ्यात रासायनिक खताच्या वाटेला जाऊ नका. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर चिलेटेड लोह (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं लोह) किंवा सूक्ष्म अन्नद्रव्यांची फवारणी पुरते.

आता फुलं. तीन वर्षांच्या कलमाची फुलं गळाली म्हणून हळहळू नका. निरोगी, जमिनीतल्या मोठ्या झाडावरही चिकूची बहुसंख्य फुलं गळतात, फळ थोड्याच फुलांचं होतं. पहिली दोन-तीन वर्षं तर मी स्वतःच कळ्या खुडायला सांगतो, म्हणजे झाड आधी फांद्या आणि पानं उभी करतं. चिकूचं फळ फुलापासून काढणीपर्यंत सात-आठ महिने, कधी त्याहून जास्त काळ झाडावर राहतं. एवढा काळ ते पोसायला पानं हवीत. तुमच्या झाडाची ताकद खिरणी खात होती आणि मुळं मिठात होती, अशात झाडाने फळं टाकून दिली हे त्याने स्वतःच्या बचावासाठी केलं. यंदा एकही फळ ठेवू नका. पुढच्या वर्षी दहा-बारा धरू द्या, त्यापुढे हळूहळू वाढवा.

झाड सुधारल्यावरही फळ धरलं नाही तर दोन कारणं तपासायची. एक म्हणजे परागीभवन. चिकूचं फूल छोटं, घंटेच्या आकाराचं, आणि त्याचा मधला दांडा पाकळ्यांच्या बाहेर डोकावतो. चिकूच्या काही जाती स्वतःच्या परागावर नीट धरत नाहीत, शेजारी दुसऱ्या जातीचं झाड असलं तर फळधारणा सुधारते. सातव्या-आठव्या मजल्यावरच्या गच्चीवर कीटकही कमी येतात. सकाळी मऊ ब्रश एका फुलाच्या आतून दुसऱ्या फुलाच्या त्या चिकट टोकाला फिरवा. गच्चीवर तुळस, झेंडू, कढीपत्ता फुलू द्या, मधमाश्या आपोआप येतात. फुलं असताना कीटकनाशक मारायचं नाही.

दुसरं कारण ऊन. चिकूला रोज किमान पाच-सहा तास थेट ऊन हवं. गच्चीवर हा प्रश्न सहसा नसतो, पण शेजारी टॉवर उभा राहिला असेल तर नीट बघा. हे वाचणाऱ्या गॅलरीवाल्यांसाठी थोडं विस्ताराने सांगतो. मुंबई १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्यात सूर्य आपल्या डोक्यावर येतो, मग उत्तरेकडे सरकतो आणि जुलैच्या शेवटी परत डोक्यावरून दक्षिणेला जातो. त्यामुळे दक्षिणेच्या गॅलरीत डिसेंबरमध्ये भरपूर ऊन येतं आणि जूनमध्ये जवळपास येत नाही. उत्तरेच्या गॅलरीचं याच्या उलट. जानेवारीत ऊन बघून कलम आणणारे लोक पुढे निराश होतात ते यामुळे. डिसेंबर आणि मे या दोन्ही महिन्यांत मोजून पाहा. पाच तास भरत नसतील तर त्या गॅलरीत चिकू लावू नका, लिंबूही लावू नका. कढीपत्ता, अळू, पुदिना यांना ती जागा द्या.

घरचे लिंबू म्हणताहेत, त्यावर माझं मत स्पष्ट आहे. लिंबाला यापेक्षा जास्त लक्ष लागतं. पानं पोखरणारी अळी आणि खैऱ्या हा खरखरीत डागांचा रोग मुंबईच्या दमट हवेत लिंबाची पाठ सोडत नाहीत. मिठालाही ते चिकूपेक्षा नाजूक. एवढ्या काटक झाडाला उपटून नाजूक झाड लावण्यात शहाणपण नाही.

छाटणी फार करू नका. चिकूची फुलं फांद्यांच्या शेंड्याजवळ, पानांच्या बगलेत येतात. सगळे शेंडे छाटले की त्या हंगामाचं फळ गेलं. चिकू स्वतःच मजल्या-मजल्याने फांद्या काढत सुरेख घेर धरतो. वाळलेलं, आत वळलेलं आणि जमिनीकडे लोंबणारं तेवढं काढा. मुख्य शेंडा पाच-साडेपाच फुटांवर खुडलात तर झाड ड्रमच्या आवाक्यात राहतं आणि जूनच्या वाऱ्यात लवंडत नाही. तरी पहिली काही वर्षं बांबूचा आधार द्या. दोरी आठच्या आकड्यासारखी सैल बांधा, म्हणजे खोडाला घासणार नाही.

किडींमध्ये गच्चीवर सगळ्यांत आधी येतो पिठ्या ढेकूण, आणि त्याच्या मागे मुंग्या. पानांवर काळी काजळी दिसली तर ती बुरशी त्याच्या गोड चिकट्यावर वाढलेली असते. मुंग्या थांबवल्या की अर्धं काम होतं. ड्रमच्या स्टँडचे पाय ग्रीसच्या पट्टीने अडवा. ढेकणांवर पाण्याचा जोरदार फवारा, नंतर लिटरभर पाण्यात पाच मिली शुद्ध निमतेल आणि थोडा द्रवरूप साबण मिसळून संध्याकाळी पानांच्या खालून फवारा. आठवड्याने पुन्हा. कोवळ्या पानांची जाळी करून आत बसणारी आणि कळ्या पोखरणारी अळी दिसली तर गुंडाळलेली पानं अळीसकट खुडून साबणाच्या पाण्यात टाका. एक-दोन झाडांवर हाताने वेचण्याइतका चांगला उपाय नाही.

बी पोखरणारी अळी जास्त फसवी. फळ बाहेरून चांगलं दिसतं, बारीक भोक आणि सुकलेल्या चिकाचा ठिपका एवढीच खूण. अशी फळं आणि खाली पडलेलं प्रत्येक फळ उचलून बंद पिशवीत घालून नष्ट करायचं, झाडाखाली कुजू द्यायचं नाही. फळमाशीसाठी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने विकसित केलेला रक्षक सापळा मिळतो, गच्चीला एक पुरतो. फळं मोठी झाली की सुती कापडाच्या पिशव्या बांधा. माशी, खार, पोपट आणि वटवाघूळ या सगळ्यांपासून त्याने बचाव होतो.

पावसाळ्यात फळांवर कूज येते, डहाणूच्या बागायतदारांना तर तिने फार छळलं आहे. तुमच्यासाठी एवढंच: मेच्या शेवटी एक टक्का बोर्डो मिश्रणाची एक फवारणी. लिटरभर मिश्रणासाठी दहा ग्रॅम मोरचूद आणि दहा ग्रॅम चुना प्लास्टिकच्या वेगवेगळ्या भांड्यांत विरघळवायचे, मग एकत्र करून गाळून त्याच दिवशी वापरायचे. धातूचं भांडं नको. झाडाखाली पसरलेला पालापाचोळाही जून ते सप्टेंबर काढून ठेवा. उन्हाळ्यात तो ओल टिकवतो, पावसात बुरशी पोसतो.

तुमच्यासारखंच कलम घेण्याच्या विचारात असलेल्यांसाठी दोन शब्द. बियांपासून वाढवलेला चिकू घेऊ नका. फळाला सहा-आठ वर्षं, कधी त्याहून जास्त लागतात, आणि फळ कसं निघेल याचा नेम नाही. गुटी कलमाला, म्हणजे झाडाच्या फांदीलाच मुळं आणून केलेल्या कलमाला, सोटमूळ नसतं, उंच इमारतीच्या वाऱ्यात ते उन्मळतं. खिरणीवरचं कलमच घ्या. ते महाग असतं, कारण खिरणी सावकाश वाढते आणि कलम बांधण्याजोगं रोप तयार व्हायला नर्सरीला बराच काळ थांबावं लागतं. स्वस्तात मिळणाऱ्या 'खिरणीवरच्या' कलमाचा जोड आणि जोडाखालचा भाग डोळ्यांनी बघून घ्या. जातींमध्ये कालीपत्तीला तोड नाही. गडद पानं, अंडाकृती फळ, बिया कमी, गर मऊ आणि खूप गोड. क्रिकेट बॉल दिसायला मोठा आणि गोल, पण गर रवाळ, गोडी बेताची. ठेंगणं झाड हवं असेल तर तमिळनाडूतल्या पेरियाकुलमची पीकेएम १ कुंडीसाठी चांगली आहे.

शक्य असेल तर कलम आणायला एकदा डहाणू-घोलवडलाच जा. चिकू मूळचा मेक्सिको, ग्वाटेमालाकडचा. तिकडे त्याच्या चिकापासून च्युइंगमचा गोंद काढत. महाराष्ट्रात त्याची लागवड १८९८ साली घोलवडला झाली असं सांगतात, आणि २०१६ मध्ये 'डहाणू घोलवड चिकू'ला भौगोलिक मानांकन मिळालं. मुंबईहून डहाणू रोडपर्यंत लोकल जाते. तिथल्या जुन्या बागांत फिरलात तर ड्रममधल्या झाडाचा घेर कसा ठेवायचा हे शब्दांशिवाय कळतं. कोसबाडचं कृषी विज्ञान केंद्रही त्याच भागात आहे. रोगट पान पिशवीत घालून घेऊन जा आणि विचारा.

शेवटी काढणी, कारण पुढच्या वर्षी फळ धरलं की तुमचा पहिला प्रश्न हाच असेल. चिकू झाडावर पिकायची वाट बघत बसू नका. तो पाडाला आला की काढायचा आणि घरात पिकवायचा. वाट बघाल तर वटवाघळं आधी पोचतील. पाडाला आल्याच्या खुणा अशा: सालीवरचा खरखरीत तपकिरी भुसा अंगठ्याने सहज झडतो, खालची साल बटाट्याच्या रंगाची दिसते, आणि फळाच्या टोकाचा वाळका काटा हात लावताच पडतो. तरी शंका असेल तर नखाने हलका ओरखडा ओढा. आत हिरवं दिसलं आणि दाट दुधी चीक आला तर अजून थांबा. पिवळसर दिसलं आणि चीक पाणीदार असला तर काढा. ओढू नका, देठाशी कात्रीने कापा. चीक निथळू द्या, फळ धुऊन कोरडं करा आणि वर्तमानपत्रात गुंडाळून टोपलीत किंवा तांदळाच्या डब्यात ठेवा. चार ते सात दिवसांत मऊ होतं. पिकायच्या आधी फ्रिजमध्ये ठेवलं तर ते नीट पिकत नाही आणि तुरट राहतं. पिकल्यावर मात्र दोन-तीन दिवस फ्रिजमध्ये चालतं.

घरात लहान मुलं असतील तर चिकू बिया काढूनच द्या. चिकूच्या बीला एका टोकाशी बारीक आकडा असतो, तो गिळताना घशात अडकू शकतो.